नदीपलीकडची बेकरी

ड्राफ्ट्समननी पुस्तकातल्या छापील नकाशावर पट्टी टेकवली, भिंग डोळ्याजवळ आणलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. फरक पडला नाही. जर्मन डिव्हिजनचं सगळं पायदळ नदीच्या अलीकडे होतं. तोफा अलीकडे, घोडे अलीकडे, खुद्द जनरलही अलीकडे. आणि पलीकडच्या काठावर, शत्रूच्या मुलखात दीड किलोमीटर आत, एकटीच उभी होती डिव्हिजनची बेकरी कंपनी.

"पाव भाजणारे," ते पुटपुटले. "सगळ्यांच्या एक दिवस आधी."

"पाव बाहेर जाऊन खा," ग्रंथपालबाई टेबलामागून म्हणाल्या. "मागच्या महिन्यात दुसऱ्या महायुद्धाच्या कपाटाला मुंग्या लागल्या होत्या. संशय तुमच्याच मंडळावर आहे."

मंडळ म्हणजे पाच माणसं. दर रविवारी सकाळी दहाला ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची आणि मे १९४० च्या पश्चिमेकडच्या मोहिमेत, पहिल्या आठवड्यात, या एका जर्मन डिव्हिजननं नक्की काय केलं याचा शोध घ्यायची. आठवडा एक, आणि शोध पंचवीस वर्षं चाललेला. हीच डिव्हिजन का, याला काही कारण नव्हतं. परदेशी दप्तरखान्यानं स्वस्तात काढलेल्या मायक्रोफिल्मच्या डब्यात तिची रोजनिशी निघाली, एवढंच. दुसरीची निघाली असती तर दुसरीशी सूत जुळलं असतं.

ड्राफ्ट्समन पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. हाताखालच्या लोकांनी त्यांचं नाव 'अर्धा मिलिमीटर' ठेवलं होतं, कारण तेवढ्या फरकासाठी ते अख्खा कागद परत पाठवायचे. हे नाव त्यांना मनातून फार आवडायचं. मंडळासाठी चाळीसेक नकाशांचं पातळ कागदावर ट्रेसिंग त्यांनीच करून दिलं होतं.

समोरचं पुस्तक मात्र दातांच्या डॉक्टरांचं होतं. डॉक्टर हे मंडळातले त्यांचे सगळ्यात जुने मित्र. पुस्तक पंधरा वर्षांपूर्वी छापलं, आणि त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त सातवं प्रकरण, 'पावामागून फौज'. बेकरी कंपनी धुक्यात रस्ता चुकली, नकळत नदी ओलांडून बसली, भट्ट्या पेटवल्या, आणि दुसऱ्या दिवशी उपाशी फौज वास घेत घेत मागून गेली. हा किस्सा सांगितला की हशा ठरलेला. परदेशातल्या लेखकांनीसुद्धा तो उचलला होता.

आणि तो साफ खोटा होता. रोजनिशीची त्या दोन दिवसांची पानं फिल्मवर पुसट होती, म्हणून ड्राफ्ट्समननी नवी प्रत मागवली आणि शब्दकोश घेऊन तीन आठवडे बसले. बेकरी कंपनी त्या दिवशी नदीच्या चाळीस किलोमीटर मागे होती आणि पीठ भिजल्याची तक्रार करत होती.

मग तिला पलीकडे नेलं कुणी? हा किस्सा उचललेल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपेत एका परदेशी मासिकाचा हवाला होता. मासिकाच्या तळटिपेत डॉक्टरांच्या पुस्तकाचा. आणि डॉक्टरांच्या तळटिपेत तीनच शब्द: 'खाजगी संग्रहातला नकाशा.'

कुणाचा संग्रह? कुठला नकाशा? नोकरीत ड्राफ्ट्समन एक गोष्ट पक्की शिकले होते. रस्ता ओला दिसतो एकीकडे, पाणी मुरत असतं भलतीकडेच.

"म्हणजे डॉक्टरांनी नकाशा मनानं बनवला?" बायकोनं विचारलं. ती ओट्यापाशी शेंगा सोलत होती.

"नाहीतर काय. रविवारी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. मुख्य वक्ता मी. सगळ्यांसमोर विचारणार आहे. अकरा पानं लिहून ठेवलीयेत."

"त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"त्या डिव्हिजनमध्ये पाच हजार घोडे होते. प्रश्न घोड्यांचा नाहीये, प्रश्न खऱ्याखोट्याचा आहे."

"त्या नदीकाठी माणसं मेली, आणि तुम्ही दोघं पावावरून भांडताय." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस दवाखाना बंद ठेवून बाकड्यावर कोण बसलं होतं?"

"तेच तर म्हणतोय. माणूस इतका चांगला वागतो तेव्हा काहीतरी लपवत असतो."

"मग तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही," बायको म्हणाली.

शुक्रवारी दुपारी ड्राफ्ट्समन खोटी दाढदुखी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर मंडळाचे कागद तिथल्याच लोखंडी कपाटात ठेवतात, हे त्यांना माहीत होतं. बेत सोपा होता. खुर्चीत बसायचं, बोलता बोलता 'खाजगी संग्रहा'चा विषय काढायचा आणि चेहरा कसा बदलतो ते बघायचं.

खुर्चीत बसल्यावर बेतातली एक गफलत त्यांच्या लक्षात आली. दातांच्या डॉक्टरांकडे रोगी बोलत नसतो.

"कुठली दाढ?" डॉक्टरांनी आत आरसा घालून विचारलं.

ड्राफ्ट्समननी उजवीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी ठोकून पाहिलं.

"ही तुमच्यामाझ्या मागेसुद्धा टिकेल. पण ही डावीकडची पार पोखरलीये हो. दुखत नाही?"

"आं."

"असंच असतं. माणूस बोट दाखवतो एकीकडे, कीड असते दुसरीकडे. आता आलाच आहात तर भरून टाकू."

त्यांना नको म्हणायचं होतं, पण तोवर सुई गेली होती. मग कापूस आला, मग लाळ ओढायची नळी आली.

"खाअई अंग्रआ..." त्यांनी नेटानं सुरुवात केली.

"बोलू नका, जीभ मध्ये येतेय. रविवारचं भाषण झालं लिहून?"

"आं."

"माझ्याबद्दल बरं बोला म्हणजे झालं. आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

बघा, ड्राफ्ट्समनच्या भुवया म्हणाल्या. आधीच दडपण.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि डॉक्टर गेले. ड्राफ्ट्समन गळ्यातल्या फडक्यासकट उठले. नळी तोंडात गुरगुरत होती, ती पुरेल तेवढंच जाता येणार होतं. पण कुठली नळी कुठवर पोचते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कपाटाच्या वरच्या खणात कवळ्यांचे साचे दात विचकून बसले होते. खालच्या ड्रॉवरमध्ये रोग्यांच्या फायली, आणि त्यांच्यात घुसवलेली एक निळी फाईल. पाठीवर डॉक्टरांच्या अक्षरात 'बेकरी'.

त्यांनी ती शर्टाच्या आत सरकवली, वरून फडकं नीट केलं आणि खुर्चीत येऊन आ वासून पडले.

डॉक्टर परत आले. ड्रॉवर चारेक बोटं उघडा राहिला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग ड्राफ्ट्समनच्या पोटाकडे बघितलं, आणि ड्रॉवर गुडघ्यानं लोटून दिला.

"पोट सुटलंय," ते म्हणाले. "रोज चालता की नाही?"

"आं."

घरी येऊन ड्राफ्ट्समननी फाईल जेवणाच्या टेबलावर उघडली. डावा गाल अजून बधिर होता आणि ओठाचं टोक खाली आलं होतं. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

वरच एक ट्रेसिंग होतं. नदी, रस्ते, पूल, पायदळाच्या निशाण्या. खालच्या कोपऱ्यात पाणीपुरवठा खात्याचा शिक्का. अक्षरं मोजून मापून काढलेली, उभी, सगळी एका उंचीची. असं अक्षर त्या खात्यात एकाच माणसाचं होतं. कडेला पेन्सिलनं लिहिलं होतं: 'डॉक्टर, माझं नाव कुठं घालू नका, कागद ऑफिसचा आहे.' खाली तारीख. बावीस वर्षांपूर्वीची.

ड्राफ्ट्समननी तारीख दोनदा वाचली. मग त्यांचं बोट सावकाश नदी ओलांडून गेलं. पलीकडे कागद थोडा फाटला होता आणि त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. पट्टीखाली एक बारीक काळी खूण. एक दांडी, दांडीला झेंड्यासारखं काहीतरी, खाली दोन-तीन रेघा. जर्मन नकाशांत तुकड्या अशाच दाखवतात.

बायकोनं त्यांच्या हातातून भिंग घेतलं.

"अहो, हा डास आहे."

ड्राफ्ट्समन कागदावर आणखी वाकले.

"हे पाय. हा पंख. पट्टीखाली चेंगरलाय बिचारा. त्या वर्षी खिडकीची जाळी फाटली होती, आठवतंय? तुम्ही इथंच बसून नकाशे काढायचात आणि मी रोज सांगायची, जाळी बदला. तुम्ही म्हणायचात, नदी झाली की बदलतो."

सगळं जागेवर बसत गेलं. ट्रेसिंगची झेरॉक्स निघाली, झेरॉक्समध्ये डासाची तुकडी झाली, तुकड्यांच्या यादीत तशी दिसणारी एकच निशाणी होती, बेकरीची. मग सातवं प्रकरण, परदेशी मासिक, जाडजूड इंग्रजी पुस्तक. सबंध डिव्हिजनला नदी पार करायला दुसरा दिवस उजाडला, डास आदल्याच दिवशी पोचला होता.

ट्रेसिंगच्या खाली औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवरचा एक कागद होता, चार वर्षांपूर्वीचा. 'मूळ कागद भिंगाखाली पाहिला. डास. त्यांना सांगू नये. फार लागेल.' आणि त्याच्याही खाली नव्या आवृत्तीचं एक छापील पान. सातवं प्रकरण वगळलेलं. त्या जागी दोन ओळी: 'पहिल्या आवृत्तीत बेकरी कंपनी नदीपलीकडे दाखवली होती. ही चूक सर्वस्वी लेखकाची.'

बायकोनं चिठ्ठीचा कागद वाचला आणि नवऱ्यासमोर सरळ करून ठेवला. ड्राफ्ट्समननी मोजपट्टी घेतली आणि डास मोजला. साडेचार मिलिमीटर भरला.

शनिवारी त्यांनी ती अकरा पानं फाडली आणि नवीन दोन लिहिली. डॉक्टरांची चिकाटी, डॉक्टरांची विद्वत्ता, डॉक्टरांचा मनाचा मोठेपणा. मग बायकोला वाचून दाखवली.

"छान झालंय," ती म्हणाली. "यात डास कुठं आहे?"

"डॉक्टरांनी सगळं स्वतःवर घेतलंय ना. त्यांची इच्छाच तशी दिसते. आपण मध्ये कसं पडायचं?"

"तेही खरंच," बायको म्हणाली, आणि उठून खिडकी लावून घेतली. खिडकीला आता जाळी होती, तरीही.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. म्हणजे पन्नास खुर्च्यांपैकी पस्तीस. डॉक्टर दारातच भेटले. त्यांनी नवं पुस्तक ड्राफ्ट्समनच्या हातात दिलं.

"सातवं प्रकरण काढलंय. त्यावर बोलू नका. लेखकाची चूक, लेखक बघून घेईल."

"बरं."

"आणि माझी एक फाईल सापडत नाहीये. नाही सापडली तरी हरकत नाही." त्यांनी ड्राफ्ट्समनकडे निरखून बघितलं. "दाढ काय म्हणते?"

"दुखतेय."

"कुठली? डावी?"

"उजवी," ड्राफ्ट्समन म्हणाले. "जिला काही झालं नव्हतं ती."

आधी डॉक्टर बोलले. बेकरीच्या चुकीबद्दल त्यांनी तीन वाक्यांत माफी मागितली. मागच्या रांगेतून मंडळाचाच एक मेंबर म्हणाला, "काय डॉक्टर, पंधरा वर्षं गिऱ्हाईक जमवलंत आणि आता बेकरी बंद?" हॉल हसला. दुसरा कुणीतरी म्हणाला, "फौजेला नकली दात बसवले म्हणायचे." हॉल आणखी हसला. डॉक्टरही हसले. ते नुसते पुढचे दात होते, हे ओळखायला तीस वर्षांची ओळख लागत होती.

मग ड्राफ्ट्समनचं नाव पुकारलं गेलं. ओळख करून देताना ग्रंथपालबाई म्हणाल्या की यांच्या हातून उभ्या आयुष्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली नाही. टाळ्या पडल्या.

ड्राफ्ट्समन माईकपाशी गेले. डाव्या खिशात दोन पानं होती. त्यांनी त्या खिशात हात घातला, तसाच ठेवला, मग बाहेर काढला. उजव्या खिशातून त्यांनी एक घडी केलेला पातळ कागद काढला आणि टेबलावर पसरला. एका टोकावर पाण्याचा पेला ठेवला, दुसऱ्यावर डॉक्टरांचं पुस्तक. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. ड्राफ्ट्समननी त्यांना हातानंच बसायची खूण केली, दवाखान्यात डॉक्टर रोग्याला करतात तशी.

तिसऱ्या रांगेत बायको पर्समध्ये काहीतरी शोधायची थांबली.

"बावीस वर्षांपूर्वी," ड्राफ्ट्समन म्हणाले, "आमच्या घरी खिडकीची जाळी फाटली होती. बायको रोज सांगत होती."