करिश्माकडचं विरजण

लातुरात लाइट जाणं नवं नाही, पण त्या दुपारी ती नेमकी माझ्या मुळावर आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर किल्ल्यांचा जुडगा, म्हणजे कुलूपबंद फायली ज्याने उघडतात तो, बिघडलेला. गावोगावच्या बायकांनी माझ्या प्रबंधासाठी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल जे जे सांगितलं, ते सगळं त्या कुलपाआड होतं. मूळ रेकॉर्डिंग मी शब्द दिल्याप्रमाणे पुसून टाकलं होतं. आता त्यांना पुन्हा कोणत्या तोंडाने विचारू?

मी तावातावाने तो जुडगाच डिलीट करायला निघाले. नांदेडची माझी मैत्रीण लुंबिनी कॉम्प्युटर दुरुस्त करते, ती नेमकी मुक्कामाला आली होती. तिने माझा हात धरला.

"रूपाली, आधी नक्कल. बिघडलेल्याला हात लावायचा न्हाई."

तिने सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि नकलेवरच काम सुरू केलं. मी शेजारी धुसफुसत होते, तिला मात्र घाई ठाऊकच नाही. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला असल्या माणसाचं लई अप्रूप वाटतं.

"तुझी गुप्त किल्ली शाबूत हाय," ती म्हणाली. "नासली ती उघडी किल्ली, नुसतं कुलूप लावायला लोकाला वाटतो ती. तिच्याबिगर ही चालंना. कुणाला दिलती का?"

मला काही आठवेना.

"अगं, घरचं विरजण नासलं तर काय करतीस? ज्या शेजारणीला आपणच दिलतं, तिच्याकडून आणतीस ना?"

तेव्हा शिरूर अनंतपाळची करिश्मा आठवली. तोंडाने सांगवेना म्हणून तिने स्वतःचं सगळं लिहून, कुलूप लावून पाठवलं होतं. त्यासाठी उघडी किल्ली मीच तिला दिली होती. लाज गिळून फोन लावला आणि जुडगा बिघडल्याचं सांगितलं.

"ताई, माझं कुणी वाचलं का?" तिने आधी तेच विचारलं.

"न्हाई गं. मलाच उघडंना."

ती हसली. "मंग कुलूप पक्कं हाय. पाठवते किल्ली."

किल्ली आली. लुंबिनीने नासलेली फाइल बाजूला ठेवून नव्या जुडग्यात ती घातली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी परवलीचा शब्द टाकला. करिश्माचंच लिहिलेलं पडद्यावर उघडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"लुंबिनी, हे बघ," म्हणत मी वळले, तर ती खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसलेली.

"उघडलं ना?" ती पाठमोरीच म्हणाली. "बंद कर मंग."