इझोबेलची फणी

शरयूने दगडावरची रबराची चादर एका कोपऱ्यातून सोलायला घेतली आणि मि. मॅक्रे टोपी हातात धरून पुढे झुकले. चादरीखालून आधी अक्षरं निघाली: डंकन, १९२१. इझोबेल, १९८६. मग भोवतीच्या गाठींचे वेढे, चंद्रकोर, तिच्यावरचा मोडका बाण. म्हाताऱ्याने बोट लावून वरून खाली एकेक खूण तपासली. तळाशी पोचल्यावर बोट थांबलं.

"आरसा कुठाय?" त्यांनी विचारलं. "आणि फणी?"

शुगर लँड गावाच्या हायवेलगत थडग्यांचे दगड घडवणाऱ्या या दुकानात शरयूला लागून सात महिने झाले होते. तेलाचे भाव कोसळले, बरोबरीच्या कितीतरी इंजिनिअरांसारखी चंद्रशेखरचीही नोकरी गेली, आणि पुण्यात शिकलेली चित्रकला पंधरा वर्षांनी अशी मेलेल्या माणसांच्या कामी आली. दगडावर रबर चिकटवायचं, त्यावर चित्र उतरवायचं, सुरीने आकार कापून काढायचे. मग दुकानाचा मालक अर्ल त्यावर वाळूचा फवारा मारी आणि उघडा भाग तेवढा कोरला जाई. घर सध्या त्या सुरीवर चाललं होतं.

मॅक्रे पहिल्यांदा आले ते एका फोटोसकट. स्कॉटलंडच्या उत्तरेला त्यांच्या आईच्या गावी पिक्ट नावाच्या प्राचीन लोकांची एक शिळा होती, तिचा फोटो. आईबापांच्या दगडावर त्यांना त्याच खुणा हव्या होत्या.

"यांचा अर्थ नक्की कुणालाच ठाऊक नाही," ते म्हणाले होते. "ज्यांना ठाऊक होता त्यांनी लिहून ठेवलं नाही. बाण मोडला म्हणजे माणूस गेला, असं काही जण म्हणतात. फणी-आरसा बाईचा म्हणतात. आणि भोवती ही केल्टिक गाठ. तिला टोक नसतं, म्हणून ती आईबापांसाठी. मला एवढा अर्थ पुरे आहे."

शरयूने कागदावर सगळं जसंच्या तसं काढलं होतं. मॅक्रेंनी सही केली होती. घोटाळा झाला तो रबर कापताना, आणि तो तारखांमुळे.

अक्षरं मांडता मांडता तिने सहज वजाबाकी केली. पासष्ट वर्षं ही बाई नवऱ्याशिवाय जगली होती. तिच्या नावाखाली फणी आणि आरसा! फणी, आरसा, करंडा हे सवाष्णीचं वाण. शरयूचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेरावं झालं आणि साताऱ्याच्या घरातल्या भिंतीवरचा आरसा निघाला. त्यानंतर आई बोटांनी चाचपत भांग पाडायची, तो कधीच सरळ यायचा नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली ती तशीच.

सुरी त्या आकारापाशी दोनदा गेली आणि परत आली. शेवटी तिने त्या जागी एक जास्तीची गाठ बसवली. बिचारीची लाज राखली, असंच तिला वाटलं. पँट घालून, दोन फ्रीवे ओलांडून कामाला येणारी बाई. पण हात अजून साताऱ्यातच होता.

"कधी कधी चित्र उतरवताना कागद सरकतो, मि. मॅक्रे," अर्ल मध्ये पडला. त्याने शरयूकडे पाहिलंही नाही. "वाळूच्या कामात भरवसा नसतो. आम्ही दुसरा दगड देऊ."

आता शरयूने फक्त मान हलवायची होती. अर्लने तिची नोकरी वाचवून तिच्या ओंजळीत ठेवली होती.

"कागद सरकला नाही," ती म्हणाली. "मी तो भाग कापलाच नाही."

"का?"

"आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला या दोन वस्तू देत नाहीत. मला वाटलं, त्यांचा अपमान होईल."

मॅक्रे चिडले असते तर बरं झालं असतं. ते दगडाकडेच बघत राहिले.

"मी तिच्या पोटात असताना बाप समुद्रात बुडाला," ते म्हणाले. "जन्मभर तिने गॅल्व्हस्टनमध्ये लोकांचे कपडे इस्त्री केले. पण रोज सकाळी आरशासमोर बसून केस विंचरल्याशिवाय बाहेर पडली नाही. तेवढा वेळ ती कुणाची विधवा नसायची. मी दारात थांबायचो." मग हळूच म्हणाले, "तुम्ही तिला ओळखतही नव्हता."

"माझी आईही लवकर विधवा झाली," शरयू म्हणाली.

"तुमच्या आईलाही नाही मिळाला आरसा?"

"नाही."

"कुणी मनाई केली?"

"लोकांनी," शरयू म्हणाली. "आमच्याकडच्या लोकांनी."

"लोकांनी," मॅक्रे म्हणाले, टोपी घातली आणि गेले. दुसरा दगड त्यांना या दुकानातून नको होता.

अर्ल माणूस वाईट नव्हता. सोमवारपासून येऊ नकोस, हे सांगताना त्यानेच मान खाली घातली.

चंद्रशेखर गाडीत वाट पाहत होता. एसी बंद पडून महिना झाला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"लेट झाला तुला," तो म्हणाला. "डॅलसवाल्यांचा फोन आला होता. इंटरव्ह्यू कॅन्सल केला त्यांनी."

"माझंही काम गेलं."

"काय? का पण?"

शरयूने सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न वगळता. चंद्रशेखरने स्टिअरिंगवर हात आपटला.

"अर्ल सांभाळून घेत होता ना? मग तू कशाला बोललीस?" जरा वेळाने त्याचा आवाज उतरला. "तुझा तरी काय दोष म्हणा. हे सगळं तुझ्या त्या काकूचं. आपल्या लग्नात आईंना मांडवाच्या दाराशी उभं केलं त्या बाईने. स्वतःच्या मुलीचं लग्न लांबून बघायला लावलं. तेच बसलंय तुझ्या डोक्यात."

हे तो सोळा वर्षं म्हणत आला होता. पुण्याला गेला तरी काकूच्या घरची पायरी चढला नव्हता. मागच्या वर्षी काकू गेली, तेव्हा त्याने सांत्वनाचं पत्रही लिहू दिलं नव्हतं. आणि सोळा वर्षं शरयू ते ऐकून घेत आली होती, कारण ती गोष्ट त्याला सांगितली होती तिनेच.

"काकूचं नाव नका घेऊ," ती म्हणाली.

"का नको? खरं तेच—"

"काकू आईला हाताला धरून पुढे आणत होती, अहो. म्हणत होती, आज कोण काय बोलतं ते बघते मी. तुमच्याकडची माणसं बसली होती समोर. मला भीती वाटली. मीच म्हटलं, आई, तू इथे नको."



"आणि आई?" चंद्रशेखरने विचारलं.

"आई 'बरं' म्हणाली."