मागच्या सीटची उंची

वर्तमानपत्रातल्या ‘कोणती गाडी घ्याल?’ या सदरासाठी तो दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायचा आणि मागच्या सीटवर वडिलांना बसवायचा. अकरा वर्षं हाच नेम. बसायचं, उतरायचं, हात कुणी द्यायचा नाही. उभं आयुष्य बसगाड्यांची इंजिनं खोलण्यात घालवलेला माणूस. त्यांचं मत वाचकही मानत. सदरात त्यांचा उल्लेख ‘घरातले ज्येष्ठ’ असा येई आणि तो वाचून ते नाक मुरडत.

या वेळी एक नवी लालभडक स्पोर्ट्स कार होती आणि एक सात सीटांची, कुटुंबासाठीची गाडी. स्पोर्ट्स कारच्या मागच्या सीटकडे वडिलांनी नुसतं वाकून पाहिलं.

“इथे छत्री बसेल. आडवी.”

“तेच लिहितो.”

“लिही. पण ज्याला ही घ्यायचीय, तो मागे बघणारच नाही.”

मग ते मोठ्या गाडीत बसले. उतरताना एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा त्याने नेम मोडून हात दिला.

“सीट खाली घेतलीय लेकाच्यांनी,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी असं नव्हतं.”

त्यानेही तसंच लिहून पाठवलं: नव्या मॉडेलची मागची सीट खाली गेली आहे, घरात वयस्कर माणसं असतील तर विचार करा.

तीन वाजता उपसंपादक बाईंचा फोन आला. कचेरीत त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत.

“कंपनीच्या तक्त्यात सीटची उंची होती तेवढीच आहे. आणि गेल्या वर्षी तूच लिहिलंयस, ज्येष्ठ सहज उतरले. दोन्हीतलं एक चूक. पान पाच वाजता छपाईला जातंय.”

“तक्ता चुकला असेल.”

“मग मोजून सांग.”

टेप घेऊन तो खाली गेला. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत अडुसष्ट सेंटिमीटर. चाकांतली हवा तपासली, पुन्हा मोजलं. अडुसष्ट. गेल्या वर्षीच्या वहीतही अडुसष्टच.

तो वर आला तेव्हा वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वाक्य गुपचूप गाळता आलं असतं; पण सदर छापून आलं की ते आधी सीटचंच वाचत.

“सीट तेवढीच आहे, बाबा.”

“नीट मोजलीस?”

“दोनदा. हवाही बघितली.”

गुडघ्यावरचा हात त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला, मग परत गुडघ्यावर नेला.

“मग काढून टाक ते. उगाच चांगल्या गाडीला नावं कशाला ठेवायची?”

“काढतो.”

“आणि पुढच्या वेळी दुसरं कुणी बघ. सासऱ्यांना ने तुझ्या.”

“ते मागे बसले की झोपतात.”

“मग लिही, सीट आरामशीर आहे.”

तो हसला. ते हसले नाहीत.

“चला, बाहेर बसू,” तो म्हणाला.

“येतो. तू हो पुढे.”

तो थांबला. ते उठेनात. त्याच्याकडे बघत, तो जायची वाट बघत बसून राहिले. तेव्हा तो बाहेर आला आणि त्याने दार ओढून घेतलं.