पुंजाबाबांची रेघ

मखमलाबादच्या पुंजाबाबांना साखरेचा आजार जडला, तेव्हा त्यांना आधी रागच आला. गुलाबाचा मळा राखणारा, भल्या पहाटे फुलबाजारात सगळ्यांच्या आधी पाट्या टेकवणारा माणूस. त्याला कसली आलीत पथ्यं? गोळ्या चुकायच्या, जिलबी मात्र चुकायची नाही. बायको, कमळाबाई, बोलून बोलून थकली.

मग पंचवटीतल्या अमित डॉक्टरांनी युक्ती काढली. डॉक्टर नवे, हौशी. प्रत्येकाच्या रक्तातली साखर दर महिन्याला तपासून ते चौकटीच्या कागदावर लाल ठिपक्यानं मांडत आणि ठिपके जोडत. कागदावर एक हिरवा पट्टा होता, रेघ त्यात आली की झालं. "आकड्यांच्या गर्दीत मलाही काही दिसत नाही," ते म्हणत, "रेघ एका नजरेत कळते." कल्पना झकास होती, हे आजही मान्य करायला हवं.

पुंजाबाबांना रेघ लगेच कळली. ती वर असणं म्हणजे चारचौघांत नाचक्की! दोन खेपांत त्यांनी ती पट्ट्यात आणली. डॉक्टरांनी खूश होऊन तो कागद बाहेर भिंतीवर लावला. नवा रोगी आला की कंपाउंडर बोट दाखवायचा, "बाबांसारखी रेघ पाहिजे." तेव्हापासून बाबा दवाखान्यात टोपीला इस्त्री करून जाऊ लागले.

रेघ कशी उतरते ते एकट्या कमळाबाईला ठाऊक होतं. पौर्णिमा झाली की बाबा उपवास धरत, तो थेट संकष्टीपर्यंत. पाणी, कारल्याचा रस आणि महिनाभर चुकवलेल्या गोळ्या. संकष्टीला चंद्र उगवला तरी ताटाला हात नाही. दुसऱ्या सकाळी, त्यांनीच ठरवून घेतलेल्या दिवशी, महिन्याचं रक्त द्यायचं आणि तिथून तडक जिलबीच्या दुकानात.

"डॉक्टरला सांगितलं पायजे हे," ती एकदा म्हणाली.

"देवाचा उपास हाय. त्यात डॉक्टरचं काय?"

देवाचं नाव आल्यावर ती चुलीकडे वळली. आणि खरं सांगायचं तर दवाखान्यातून आलेला नवरा दोन दिवस हसतमुख असायचा. तिला तेवढं सुख पुष्कळ वाटायचं.

कुंभमेळ्याच्या वर्षी फुलांना अफाट मागणी आली. मळ्यात अनवाणी फिरताना बाबांच्या टाचेत काटा मोडला. दुखला नाही, म्हणून कुणी बघितलाही नाही. टाच चिघळली तेव्हा कमळाबाईनं त्यांना ओढतच पंचवटीत नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, मग भिंतीकडे पाहिलं आणि आठ्या गेल्या.

"दुसरं कुणी असतं तर आजच मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं. पण तुमची साखर इतकी आटोक्यात आहे, भरेल जखम."

कमळाबाईच्या ओठांवर शब्द आले होते. बाबांनी तिच्याकडे डोळे वटारले. तिनं पिशवी उचलली आणि त्यांना घरी घेऊन गेली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं ते न सांगता, पौर्णिमा न बघता. साखर एवढी निघाली की तो ठिपका अमित डॉक्टरांच्या कागदावर मावला नसता. ते धावत आले, तेव्हा कमळाबाईनं सगळं सांगून टाकलं.

"काकू, आधी का नाही बोललात?"

"मी समोरच बसले व्हते. तुम्ही भिताडाला इचारलं."

ती तडकली डॉक्टरांवर, पण चीड तिला स्वतःचीच आली होती. एवढी, की तिला नवऱ्याच्या पायाकडे बघवेना.

संध्याकाळी भात आणि मुगाची डाळ आली. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"नको. सकाळी रगत घेनार हायेत."

"आवं, पाय गेला तुमचा! आता तरी जेवा."

"माझी रेघ भिताडावर हाय ना अजून?"

"नाय. डॉक्टरनं फाडली. सोताच्या हातानं."

पाय काढायचा म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो माणूस ढसाढसा रडू लागला. कमळाबाईनं ताट पुन्हा त्यांच्यापुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला.