आशाचं लग्न मी पुसलं नाही

लग्न होऊन रनाळ्याला आले तेव्हापासून मी जेठांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक शब्द सरळ बोलले नव्हते. आमच्याकडे रीतच तशी. सुनेने पदर डोक्यावर घ्यायचा आणि जेठांना सांगायचं ते सासूला सांगायचं. जेठ समोरच बसलेले असतात, सगळं ऐकतात, तरी सासूने ते पुन्हा बोलून दाखवायचं. माझ्या सासूबाई गजराबाई, घरात सगळ्यांच्या जिजी, या कामात तरबेज. आवडलेलं वाक्य दोनदा सांगायच्या, न आवडलेलं पानासोबत चघळून टाकायच्या.

मी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. काम नंदुरबारच्या एका स्टुडिओतून येतं. एकदा जेवताना बोलून गेले, लॅपटॉप भरला, आता दुसरी हार्डडिस्क लावावी लागेल. जेठांनी, म्हणजे रतिलालदादांनी, घास ताटात ठेवला.

"जिजी, तिले सांग, आशानं लगीन पुसी टाक. व्हई जाई जागा."

आशा त्यांचीच मुलगी. तिची आई फार लवकर गेली, वेणी घालण्यापासून मीच तिचं सगळं केलं. म्हणून तिच्या लग्नाचं शूटिंग मी एक तुकडाही न टाकता जपलं होतं. पण नवरा मारकुटा निघाला. गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली ती परत गेलीच नाही. पुढे फारकतही झाली. आता दादांनी शहाद्याकडचं स्थळ आणलं होतं आणि त्या लोकांना सांगितलं होतं की पोर कुंवारी आहे.

"झाकेल मूठ सव्वा लाखनी," दादा म्हणाले.

मूठ यांची, आणि आत गुदमरायचं आशाने! माझं डोकंच फिरलं. "जिजी, त्यास्ले सांगा, मी जागा करी लिसू." सासूबाईंनी पान चघळलं.

आशा मागोमाग माझ्या खोलीत आली. "काकू, पुसू नको. मोडनं ते लगीन. मी काय चोरी करी शे? मी कसाले लपू?" असं म्हणून ती रडली, आणि रडल्याचा तिला रागही आला.

माळ्यावर आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा सांगाडा होता. नवऱ्याने त्यातली हार्डडिस्क काढून दिली, नंदुरबारहून तिला बसेल असा डबा आणि वायर आणली, आणि तो ड्यूटीवर गेला. मी उतावळी. नुसती वायर लॅपटॉपला खुपसली. डिस्क एकदा गुरगुरली आणि गप्प झाली. लॅपटॉपच्या वायरीतून मिळणारा करंट या मोठ्या डिस्कला पुरत नाही, तिला बारा व्होल्टचा वेगळा खुराक लागतो. तो देणारा अडॅप्टर डब्यासोबतच आला होता. तो भिंतीत लावला तशी डिस्क छान फिरू लागली आणि आशाचं लग्न तिकडे उतरू लागलं.

त्याच दुपारी पाहुणे येणार होते. दादांनी दारातून डोकावून पडद्यावर आशाच्या हळदीचा फोटो पाहिला. बोलले काहीच नाहीत, कारण सासूबाई जवळ नव्हत्या. सरळ ओसरीत गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला, डिस्क थांबली. तिकडून मोठ्याने ऐकू आलं, "जिजी, तिले सांग, लाईट बिल मी भरस!"

सासूबाई निरोप घेऊन उठतच होत्या. मी पदर सावरलासुद्धा नाही. ओसरीत जाऊन दादांसमोर उभी राहिले.

"दादा, मी पुसाव नही. तुम्हीन बठ्ठं गाव अंधारामा टाका, तरी पुसाव नही."

सासूबाई परत खाटेवर बसल्या. "आते मन्हं काय काम ऱ्हायनं?" म्हणाल्या.

फवारणीचा पंप गोठ्यात होता. त्यात बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि दादा ती रोज भरून ठेवतात, मिरचीवर फवारायला. मी आणि आशाने स्क्रू खोलून ती बाहेर काढली. अडॅप्टरची वायर कापली, लालला लाल, काळ्याला काळी, दोनदा तपासून जोडली. डिस्क फिरली. उतरवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तेवढ्यात पाहुणे आले. मुलगा अमृत, त्याची आई धनुबाई. लाईट गेली म्हणत दादांनी त्यांना ओट्यावर बसवलं. चहा घेऊन जायचं होतं आशाने. तिने ट्रे माझ्या हातात दिला, स्वतः डिस्कच्या डब्यासकट लॅपटॉप उचलला आणि मला म्हणाली, बॅटरी धर. कडेवर पंपाची बॅटरी, हातात चहा, अशी मी तिच्यामागे ओट्यावर गेले.

आशाने लॅपटॉप धनुबाईंपुढे ठेवला. पडद्यावर ती नवरीच्या शालूत हसत होती.

"हाई मन्हं लगीन शे. तो दारू पीसन मारे, म्हनीसन मी ते घर सोडं. आते तुम्हले जे इचारनं शे ते माले इचारा."

धनुबाई दादांकडे वळल्या. "आमले तं पोर कुंवारी शे आसं सांगेल व्हतं."

अमृतने काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण आईने त्याला खांद्याला धरून उठवलं. चहा तसाच राहिला. त्यांची गाडी पार रस्त्याला लागल्यावर दादा कपाळावर हात मारून म्हणाले, "गयं स्थळ!"

आशाने त्यांच्यासाठी ओतलेला कप त्यांच्यापुढे सरकवला.

"खोटं आयकीसन उनं व्हतं, आबा. खरं देखीसन गयं. चहा पी ल्या."