भोंग्याखाली बसलेला सालदार

सकाळचे सात वाजले आणि मी वाजलो. सत्तावन्न सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. माझी दोरी ओढणारा हात त्या दिवशी नेहमीचा नव्हता. अभिमन रजेवर होता. त्याच्या जागी पुना नावाचा बदली कामगार बॉयलरपाशी उभा होता.

मित्रांनो, मी धुळ्याच्या एका कापडगिरणीचा जुना भोंगा आहे. अंग पितळेचे, आवाज वाफेचा. माझा जन्म इंग्लंडातल्या एका गिरणगावात झाला. तिथे उन्हाळ्यात एक आठवडा साऱ्या गिरण्या एकदम बंद पडत आणि गावच्या गाव समुद्रावर जाई. माझ्या तोंडाशी चिमण्या येऊन बसत. त्या आठवड्याचा पगार तेव्हा मिळत नसे. पुढे ती गिरणी बुडाली. मी जहाजाने मुंबईला आणि मालगाडीने धुळ्याला आलो.

इथे तसा आठवडा आला नाही. मी रोज वाजलो. बाया माझ्या आवाजावर चुली पेटवत, दुकानदार घड्याळे लावत. पाहुण्यांना माझा आवाज किती लांब जातो हे कौतुकाने सांगत. मला साफ करायचे मात्र कोणाच्या फारसे ध्यानात येत नसे. ते काम अभिमन करी.

अभिमनची बहीण भिकुबाई भडगावला दिलेली होती. आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी आणायचे तर घरचा मुराळी तिला घ्यायला जावा लागतो. भिकुबाईला भाऊ एकच, आणि तो बॉयलरवर. दिवस बुडवला की पगार बुडणार, म्हणून तीन आखाज्या तिने सासरीच काढल्या. या वर्षी अभिमनने पहिल्यांदाच पगारी रजा मागितली आणि ती मिळाली. तो पहाटेच भडगावच्या मोटारीसाठी स्टँडकडे निघाला.

माझा आवाज विरतो न विरतो तोच फाटकापाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. अभिमनचा बाप तोताराम. धुळ्याजवळच्या सोनगीरला रुपचंद नावाच्या बागायतदाराकडे तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता.

फाटकावरच्या चिंधाने त्याला ओळखले आणि इकडे कसे येणे केले म्हणून विचारले. "नाना, तुम्ही आठे काबर उनात?"

"मना आंडोर गावले गया. त्याना बदला मी उनू. काय करनं शे ते सांग." पोराच्या बदली बाप कामाला आला होता.

चिंधा हसू लागला. "नाना, बॉयलरमा कोयसा टाकाना शे, ढोरेस्ले चारा नही."

"दोन्हीस्ना पोट सारखंच. येळवर दिधं म्हंजे व्हयनं."

तोतारामचे चुकले कुठे, हे समजायला सालदाराची रीत माहीत हवी. त्याचे साल आखाजी ते आखाजी. मध्ये दिवस चुकला तर घरचे माणूस जागेवर उभे करायचे, नाहीतर साल संपल्यावर तो खाडा भरून द्यायचा. मला नंतर कळले, की त्या सकाळी रुपचंदच्या गोठ्यात तोतारामच्या जागी त्याची बायको बेबाबाई उभी होती.

टाइमकीपर बन्सीलाल बाहेर आला. त्याने समजावले, "नाना, अभिमन पगारी रजेवर आहे. कायदाच आहे तसा. वीस दिवस काम केलं की एका दिवसाची रजा, पगारासकट."

"पगार लेवाना आनि जागावर घरनं मानूस नही? आसं कोठे ऱ्हास का?" तोताराम म्हणाला. "हाई काहीतरी कपट शे. त्यानं नाव काटशात तुम्ही. मी मोटारस्टँडवर जास, त्याले मांगे बलाई लयस."

मोटार सुटायला अजून वेळ होता. म्हातारा स्टँडवर पोचला असता तर अभिमन परत फिरला असता आणि भिकुबाईची चौथी आखाजीही सासरी गेली असती. मी हे वरून पाहत होतो. भोंग्याला दोरीशिवाय बोलता येत नाही.

बन्सीलालने त्याला हाताला धरून सावलीत बसवले. त्याला वर्तमानपत्र वाचायचा नाद होता. "नाना, हे इथलंच खूळ नाही. फ्रान्सात गेल्या वर्षी तीन आठवड्यांचा कायदा झाला. रशियात बारा दिवस. इंग्लंडात बहुतेकांना दोन आठवडे. अमेरिकेत कायदाच नाही, तिथे मालकाशी ठरेल तेवढी. एवढ्या देशांत लोक बसून पगार घेतात, कोणाचं नाव कापलं जात नाही."

तोतारामने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सालदारले कोनता देशमा शे?"

"विलायतेत शेतमजुरालाही मिळते."

"मंग इंग्रजस्नी जातांना ते आठे ठेवीसन जावानं व्हतं."

बन्सीलाल हसला, तोताराम हसला नाही. तो स्टँडकडे गेला नाही, घरीही गेला नाही. सबंध दिवस माझ्याखाली बसून राहिला. मधून उठून राख झाडी. पुना म्हणाला, "नाना, बसा हो." तरी तो झाडीच. संध्याकाळी मी वाजलो तेव्हा उठला आणि चिंधाला म्हणाला, "खाडा भरायना." पोराचा दिवस त्याच्या लेखी भरून निघाला होता.

मोटार वेळेवर सुटली होती. दुसऱ्या दिवशी अभिमन बहिणीला घेऊन सोनगीरला पोचला. लिंबाच्या झाडाला झोका बांधला गेला. हे अभिमनने कामावर परतल्यावर पुनाला सांगितले. पुढचेही सांगितले. आखाजीला नवे साल ठरवताना बापाने रुपचंदकडे आठ दिवसांची रजा मागितली होती, खाडा न भरता. रुपचंद म्हणाला, "देखसूत." म्हणजे बघू. पुढच्या वर्षी तेच उत्तर. त्याच्या पुढच्याही.

मित्रांनो, मला विजेचा जोडीदार येणार असे ऐकतो. येऊ दे. मला अधूनमधून पुसत जा, एवढे पुरे. आणि तुमच्या घरी कोणी सालदार असेल तर त्याला विचारा, गेल्या सालात तो कोणत्या दिवशी स्वतःच्या घरी होता. उत्तर येईपर्यंत थांबा.

साठ सालची आखाजी झाली. पाठोपाठ नवे राज्यही झाले. भिकुबाई माहेरी आहे. रजा कबूल होत नाही तोवर तोतारामने या वेळी सालाला होकार दिलेला नाही. रुपचंदने दुसरा सालदार ठेवलेला नाही. आज सकाळी सातला दोरी ओढून झाल्यावर अभिमनने पुनाला सांगितले, की काल संध्याकाळपर्यंत गोठ्यात रुपचंद स्वतः चारा टाकत होता.