धरणीचा सुस्कारा

ऊन डोक्यावर आलं, तशी बंद पडलेल्या लाँड्रीच्या आवारात मुंगी शिरायलाही जागा उरली नाही. बादल्या, बाटल्या, कॅन, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन लोक आले होते. मधोमध खडीचा एक छोटा ढीग, आणि त्याच्यामागे खुर्चीत डोळे मिटून बसलेले झरेबाबा. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे चिडीचूप. आणि खडीच्या पोटातून आवाज आला. आधी बारीक शीळ, मग गुरगुर, मग लांबलचक सुस्कारा.

"ऐकलंत?" बाबांनी एक डोळा उघडला. "धरणी श्वास घेतेय! तिकडे तलाव आटतोय, इकडे माउली लेकरांसाठी पान्हा सोडतेय. नकाशे काढून कुणाला पान्हा फुटलाय का रे?"

"नाही!" गर्दी गरजली, आणि खडीतून पाणी उसळलं.

नकाशांचा टोमणा कुणाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माना फाटकाकडे वळल्या. तिथे पाणीखात्याच्या नियोजन अभियंता उभ्या होत्या. शहरात त्यांना कोरडीबाई म्हणत. वाढदिवसाला बोलवा, केक कापायच्या आधी बाई तलावाची पातळी सांगणार, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे हल्ली कुणी बोलवायचंही नाही.

बाईंचं म्हणणं साधं होतं. पाऊस पडतो, पण पूर्वीसारखा बेताबेताने पडत नाही. एकदम कोसळतो, तलावात गाळ आणून टाकतो आणि मग महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही. उन्हाळे लांबलेत. तेव्हा गेल्या वर्षांच्या हिशेबावर पुढची वर्षं निघणार नाहीत. पाणी उचलणारा पाइप तलावात खोल न्यायचा, गळत्या बुजवायच्या, वापरलेलं पाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यायचं, आणि दर वर्षी तलाव बघून योजना पुन्हा तपासायची. काम कंटाळवाणं, टाळ्या पडतील असं त्यात काहीच नाही. नगराध्यक्षांनी जांभया देत का होईना, योजना सभेपर्यंत आणली होती. सभा उद्या संध्याकाळी. आणि आज सकाळीच त्यांचा फोन आला होता : "बाई, झरा आपण होऊन आलाय. मग योजना हवीच कशाला?" आता ते पहिल्या रांगेत बाटली घेऊन उभे होते.

त्यांच्या शेजारी बाईंची सख्खी बहीण होती. बाईंना घरचं म्हणावं असं एवढंच माणूस. ताई खालच्या मजल्यावर राहायची, बाई वरच्या. झरा फुटल्यापासून ताईने बोलणं टाकलं होतं. जिन्यात समोरासमोर आल्या तर ताई भिंतीकडे बघून उतरायची. बाईंना त्याचं फार लागायचं, पण सांगणार कुणाला?

सुस्काऱ्याचा तो आवाज मात्र बाईंनी जन्मभर ऐकला होता. त्या पुढे झाल्या. काचेच्या नळीत झऱ्याचं पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"हे बघा! यात क्लोरीन आहे," बाई म्हणाल्या. "क्लोरीन आम्ही टाकीत घालतो, जमिनीतल्या झऱ्यात कुठून येणार? हे आपलंच नळाचं पाणी आहे."

बाबा क्षणभर गडबडले. पण क्षणभरच. "पिवळं म्हणजे काय? सोनं! पाण्यात सोनं उतरलंय, लेकरांनो, आणि दाखवलं कुणी? खुद्द कोरडीबाईंनी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई पुटपुटली, "तुला कुणाचं भलं बघवतच नाही." त्या गर्दीत बाईंना इतकं एकटं वाटलं, की नळी हातात तशीच धरून त्या बाहेर पडल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांचं डोकं चालायला लागलं. लाँड्री म्हणजे पाण्याचं मोठं कनेक्शन. ती बंद झाली तेव्हा खात्याने मीटर काढून नेलं असणार. आणि मीटर निघालं की खात्याच्या लेखी कनेक्शन मेलं. जमिनीतला पाइप जिवंतच राहतो, तो बंद करायला कोण जातंय? खात्याची ही जुनी खोड. कोपऱ्यावरच्या पदपथावर वाळूचा ढीग होता. बाईंनी पायाने वाळू सारली. खाली लोखंडी झाकण निघालं, लाँड्रीच्या पाइपच्या व्हॉल्व्हचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आवारात उभ्या राहिल्या. गर्दी तीच, खुर्ची तीच. बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. सगळे गप्प झाले. खडी मात्र गप्प होती ती गप्पच राहिली. बाबांनी घसा खाकरला, हात उंचावले, जमिनीवर पाय आपटला. लोक चुळबुळायला लागले.

"कुणाच्या तरी मनात पाप आहे!" बाबा ओरडले. "पापी माणूस इथे असेल, तोवर माउली येणार नाही!"

"येईल की," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन कानाला लावला. "सोड."

जरा वेळ काहीच झालं नाही. मग शीळ, गुरगुर, सुस्कारा, आणि पाणी उसळलं.

आता लोक खजील होतील, असं बाईंना वाटलं होतं. झालं भलतंच. गर्दीतली एकजण पुढे येऊन थेट त्यांच्या पाया पडली. "कोरडीबाई पावल्या!" कुणीतरी किंचाळलं. नगराध्यक्षांनीही हात जोडले. बाबांची खुर्ची मागे सरकली आणि लोटालोटीत बाई मधोमध आल्या. एवढ्या माणसांनी एकदम प्रेमाने आपल्याकडे बघावं, हे बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना बरं वाटलं. गप्प राहिलं असतं तर योजना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली असती.

"अहो, उठा, उठा!" त्या कळवळून म्हणाल्या. त्यांनी फोन ताईच्या हातात दिला. "ताई, तू सांग. बंद कर म्हण."

ताईने फोनकडे बघितलं, मग बाबांकडे. "बंद कर," ती कशीबशी म्हणाली.

उसळी ओसरली. खडीने उरलंसुरलं पाणी गिळलं.

"कोपऱ्यावर आमचा माणूस व्हॉल्व्हपाशी उभा आहे. तुमच्यापैकी कुणीही सांगा, तो ऐकेल," बाई म्हणाल्या. "तुमच्या भागात दुपारी पाणी सुटतं, त्याच वेळी बाबांचा झरा सुटतो. आणि हा सुस्कारा तुम्ही रोज घरी ऐकता. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो ना? रिकाम्या पाइपातली हवा बाहेर पडते. इथे तीच हवा खडीतून निघते."

एकाने कुदळ आणली. खडीखाली लाँड्रीचा पाइप निघाला, टोकाचं बूच काढलेला. बाबा कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. लोकांनी बादल्या उचलल्या आणि एकमेकांकडे न बघता ते घरी गेले. बाईंशी कुणी बोललं नाही. शहाणं करणाऱ्याचा राग येतोच.

ताई तेवढी खड्ड्याशी बसून राहिली. "पाइप असेल असं वाटायचं मला कधीकधी," ती म्हणाली. "पण इथे माझी जागा धरून ठेवायचे गं. उशीर झाला की चौकशी करायचे. तू वर राहतेस. तुला माझं काय होतंय ते कधी दिसलं का?"

तलाव आटताना बाईंना वर्षानुवर्षं दिसत होता, बहीण दिसली नव्हती. ताई उठली आणि एकटीच निघून गेली.

संध्याकाळी सभेत बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. योजना मंजूर झाली. नगराध्यक्षांनी विचारलं, "आता पाणी कमी पडणार नाही ना, बाई?"

"असं वचन देणारा बाबा नुकताच पळून गेलाय," बाई म्हणाल्या. "तयारी केली तर टंचाई सोसता येईल, एवढंच मी सांगू शकते. आणि मी सांगते म्हणून तेही मानू नका. तलावावर या, पातळी स्वतः मोजा, माझं चुकलं तर मला धरा."

वाचकहो, दुसऱ्या शहरात आज ना उद्या दुसरी खुर्ची मांडली जाईल. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे पाणी येतं कुठून? आणि रांगेत कुणी आपलं माणूस दिसलं, तर ते तिथे का गेलं, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाला एक कुदळ पुरते. दुसऱ्याला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई घरी जेवायला आल्या आणि त्यांनी दोन ताटं मांडली. जिन्यातून ताईला हाक मारली. ताई आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी दोनच मांडली.